दहापैकी दहा

चतुर्थीच्या आधीची परीक्षा जवळ आली होती आणि गोव्यातल्या आमच्या गावच्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, माझ्या संध्याकाळच्या वर्गातली मुलं आणि मी इंग्रजीचा न पाहिलेला उतारा सोडवत बसलो होतो. बाहेर पाऊस असा, की पत्र्यावरच्या आवाजात मुलांचं वाचन ऐकू येईना. उतारा एका मुलाने गाईडातून आणला होता. रामू नावाचा मुलगा वडिलांसाठी छत्री घेऊन स्टेशनवर जातो. पाऊस कोसळत असतो, गाडीला उशीर होतो, तो अंधार पडेपर्यंत बाकावर बसून राहतो. गाडी येते, माणसं उतरतात, वडील त्यांच्यात नसतात. रामू धावत घरी येतो, तर दारावर एक ओला शर्ट वाळत घातलेला आणि स्वयंपाकघरातून चहाचा वास. रामू हसतो. एवढीच गोष्ट. खाली दहा मार्कांचे प्रश्न. छत्री कोणी नेली, रामू कुठे बसला, दारावर काय टांगलं होतं, चूक की बरोबर, विरुद्धार्थी शब्द.

चौथीतल्या एका मुलीने सगळ्यांच्या आधी वही पुढे केली. अक्षर सुरेख, स्पेलिंग बिनचूक, वाक्यं पुरी. दहापैकी दहा. मी शाबासकी दिली आणि सहज विचारलं, "मग रामूचे बाबा होते कुठे गं?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग उताऱ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "टिचर, म्हाका खबर ना." मी म्हटलं, बरं, तो हसला का? तेही ठाऊक नव्हतं. तिच्या शेजारी एक मुलगा बसतो. त्याचे आईवडील विजापूरकडून आलेले, वडील बांधकामावर जातात. त्याच्या वहीत तीन उत्तरं कोरी होती आणि उरलेल्यांत स्पेलिंगच्या चुका. तो मान वर न करता म्हणाला, "बापायचो शर्ट तो. बापूय दुसऱ्या वाटेन घरा पावलो."

त्याला मार्क दहापैकी चार.

त्या रात्री जेवताना, भांडी आवरताना, दिवा घालवल्यावरही ते दहा आणि ते चार माझ्या डोक्यातून जाईनात. त्या मुलीने काहीच खोटं केलं नव्हतं. तिला जसं शिकवलं गेलं तसंच तिने चोख केलं. आधी प्रश्न वाचायचा. त्यातल्या मोठ्या शब्दाखाली रेघ मारायची. तोच शब्द उताऱ्यात शोधायचा. ती ओळ उचलायची, 'डिड' काढून क्रियापद भूतकाळात घालायचं आणि शेवटी पूर्णविराम. 'हू' आलं की माणसाचं नाव, 'व्हेअर' आलं की जागा, 'व्हेन' आलं की वेळ. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वरच्या ओळींत, शेवटच्याचं खालच्या. ट्यूशनमध्ये हेच शिकवतात, गाईडांत हेच छापलेलं असतं, आणि यातलं काहीच चुकीचं नाही. उताऱ्याच्या क्रमाने प्रश्न येतात ही गोष्ट खरीच आहे, ती मुलांना कळलीच पाहिजे. भीतीने गोठलेल्या पोराला पेपरात हात घालायला त्यामुळे धीर येतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. तरीपण ती मुलगी ते स्टेशन, तो पाऊस, तो ओला शर्ट यांच्यामधून एकदाही न जाता पलीकडे पोचली होती, आणि पेपराला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

आमच्या घरात वाचणारी माणसं दोन तऱ्हांची होती. वडील सेगुंद ग्राव झालेले, म्हणजे पोर्तुगीज अमदानीत शिकलेले. कुणाकडून 'ओ हेराल्दो' हा बातम्यांचा पेपर हातात आला, की ओसरीवर बसून ते मोठ्याने वाचत. १९८३ साली तो इंग्रजी झाला, त्याआधी पोर्तुगीजच होता. त्यांचे उच्चार गोल, नाकातले, झुळझुळ. ऐकत राहावंसं वाटे. रस्त्याने जाणारा माणूस थांबून ऐकायचा. आई आतून विचारायची, काय लिहिलंय? कधी ते भरभर सांगत, कधी म्हणत, "सरकारचंच काहीतरी आहे," आणि पान उलटत. शाळेत त्यांना मोठ्याने वाचायला शिकवलं होतं, पाठ करायला शिकवलं होतं. अवघड मजकुराचा अर्थ लागतो की नाही, हे बहुधा कुणी विचारलंच नव्हतं. आजीचं अगदी उलट. श्रावणात ती पोथी घेऊन बसे. भिंग लावून, बोट ठेवून, एकेक जोडाक्षर फोडत. एक ओवी संपायला इतका वेळ लागायचा की आम्ही पोरं जांभया द्यायचो. पण ओवी संपली की ती भिंग खाली ठेवायची आणि सांगायला लागायची. कोण कुणावर रागावलं, का रागावलं, त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं. शेजारच्या बायका खास तेवढ्यासाठी येत.

पुढे डी.एड.नंतर केव्हातरी एका प्रशिक्षणात मला समजलं, की याला एक साधा हिशेब आहे. १९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन संशोधकांनी तो मांडला. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: छापलेली अक्षरं उच्चारात आणता येणं, आणि ती भाषा कानावर पडली तर कळणं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे एक बाजू शून्य झाली की दुसरी कितीही मोठी असो, हाती शून्यच येतं. मला तेव्हा एकदम ओसरीवरचे वडील आणि पोथीपुढची आजी दिसली. अग्रशाळेतल्या त्या मुलीचं इंग्रजी अक्षरवाचन स्वच्छ आहे, कारण तिच्या शाळेतल्या बाईंनी ते मन लावून शिकवलं आहे. पण तिच्या कानावर इंग्रजी पडतं किती? घरात कोंकणी, शाळेत मराठी, देवळात मराठी, टीव्हीवर हिंदी. किनाऱ्यावर इंग्रजी ऐकू येतं म्हणून सगळा गोवा इंग्रजी बोलतो असं बाहेरच्यांना वाटतं. फोंड्याच्या आतल्या वाड्यांवर ते बोर्डांवर असतं आणि मोबाईलमध्ये असतं. मुलं व्हिडिओतली गाणी धडाधड म्हणतात, 'सबस्क्राईब'सुद्धा म्हणतात, पण ते बोलणं त्यांना उद्देशून कुणी केलेलं नसतं. त्यांना इंग्रजीत कुणी विचारत नाही, भूक लागली का, भिजलास कसा.

आणि तरी चौथी संपली, की यांना इंग्रजीतच जगायचं आहे.

हे गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाला पटकन उमगत नाही. १९९० आणि २०११ ही दोन सालं उच्चारली की आमच्याकडे अजून आवाज चढतात. प्राथमिक शाळांच्या माध्यमावरून, कुठल्या भाषेतल्या शाळांना सरकारी अनुदान द्यायचं यावरून मोर्चे निघाले, सरकारं हलली, मित्र दुरावले. मी स्वतः प्राथमिक शिक्षण आपल्याच भाषेत व्हावं या बाजूची होते आणि आजही आहे. पण त्या भांडणात एक जागा कायम अंधारात राहिली. चौथी आणि पाचवी यांच्यामधला उन्हाळा. मराठी प्राथमिक शाळेतून मूल बाहेर पडतं, आणि जूनमध्ये हायस्कूलच्या बाकावर बसतं तेव्हा विज्ञान, इतिहास, भूगोल, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं इंग्रजीत. मीही तशीच गेले होते. इतिहासाच्या पहिल्या धड्यात मी शब्दकोश घेऊन बसले, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने अर्थ लिहिला, आणि शेवटी पान इतकं काळं झालं की वाचताच येईना. म्हणून चौथीतला दहा मार्कांचा उतारा मला दहा मार्कांचा वाटत नाही. पाचवीतलं प्रत्येक पुस्तक हा एक लांबलचक न पाहिलेला उताराच असतो, आणि तिथे ओळ उचलून किती दिवस चालणार?

मी आता काय करते, ते सांगते. उतारा आला की आधी प्रश्नांवर हात ठेवायला लावते. एकदा मी वाचते, मुलं ऐकतात. मग मुलं वाचतात. मग पुस्तक पालथं, आणि ज्याला जी भाषा येते तिच्यात गोष्ट सांगायची. कोंकणी, मराठी, विजापूरच्या पोराने हवं तर कानडी. त्याचा धाकटा भाऊ समोर बसून ऐकतो आणि आम्हाला कोंकणीत सांगतो. गोष्ट सांगताना कोण कुठे अडखळतं ते ताबडतोब दिसतं. मुलं नामांवर अडत नाहीत. 'अंब्रेला', 'स्टेशन', 'बेंच' त्यांना येतं. अडतात ती 'अंटिल', 'बट', 'इन्स्टेड', 'दो' अशा बारक्या शब्दांवर. त्या शब्दांवर वाक्य वळतं, आणि मुलं न वळता सरळ पुढे जातात. दुसरी अडचण 'ही' आणि 'इट'ची. एका परिच्छेदात चार 'ही' असतात, दोन रामूचे, दोन वडिलांचे. आम्ही पेन्सिलीने प्रत्येक 'ही'पासून त्याच्या माणसापर्यंत बाण काढतो. पहिल्यांदा बाण काढले तेव्हा निम्म्या मुलांच्या वहीत गाडीतून उतरलेली माणसं रामूच्या घरी चहा पीत होती! बाण नीट लागले की गोष्ट आपोआप उभी राहते, आणि मुलांच्या चेहऱ्यावर ते कळतं. पेपर तपासून ते कधीच कळलं नसतं.

एका मुलीची आई कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाते. शिफ्ट संपवून न्यायला येते, दाराशी उभी राहून ऐकते. एकदा तिने मनातलं बोलून टाकलं. "टिचर, तुमी तर कोंकणींतच उलयतात. इंग्लीश केन्ना शिकतलें तें?" तिचा प्रश्न रास्त होता. दिवसभर उभं राहून काम केलेल्या बाईला आपलं मूल इंग्रजी शिकायला पाठवल्यावर आतून कोंकणी ऐकू आली, तर तिला फसवल्यासारखं वाटणारच. मी तिला आत बसवलं आणि तिच्याच मुलीला ओल्या शर्टाची गोष्ट सांगायला लावली, आधी कोंकणीत, मग जमेल तशा इंग्रजीत. दुसऱ्या खेपेला मुलीची वाक्यं तुटकी होती, 'फादर कम होम, अदर रोड' अशी. पण ती तिची होती, उताऱ्यातून उचललेली नव्हती. आई काही बोलली नाही. तिचं पूर्ण समाधान झालं असं मला वाटत नाही. पेपरात त्या तुटक्या वाक्याला मार्क कमी पडतील हे तिलाही दिसत होतं आणि मलाही. हा पेच मला सुटलेला नाही. मी परीक्षेच्या आधीचे काही दिवस ओळ उचलण्याची युक्तीही शिकवते, कारण माझ्या तत्त्वांची किंमत त्या पोरांनी का भरायची?

पण विजापूरच्या त्या मुलाला शर्टाचं कोडं कसं सुटलं, यावर मी बराच विचार केला. त्याचं इंग्रजी वर्गात सगळ्यांत कच्चं. १९८८ साली अमेरिकेत डॉना रेख्त आणि लॉरेन लेस्ली यांनी ६४ मुलांवर केलेला एक प्रयोग मला इथे आठवतो. मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि मग मैदानाच्या नमुन्यावर खेळाडूंच्या आकृत्या हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची, पण खेळ माहीत असलेली मुलं वाचनात हुशार, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा बरीच पुढे गेली. वाचनाची ताकद म्हणून आपण जी मोजतो, तिच्यात जगाची ओळख एवढी मिसळलेली असते. आमच्या गावात रेल्वे नाही. बहुतेक मुलांनी स्टेशन पाहिलं ते मोबाईलवर. हा मुलगा दरवर्षी आईवडिलांबरोबर गाडीने गावी जातो. गाडी उशिरा येणं, फलाटावर ताटकळणं त्याला अंगवळणी पडलं आहे. आणि पावसात वडील भिजून घरी येणं, दारावर शर्ट वाळत पडणं, हे तर त्याच्या रोजच्या संध्याकाळचंच आहे. त्याला तो शर्ट वाचावा लागला नाही. त्याने तो ओळखला.

मग चतुर्थीच्या सुट्टीआधी मी स्वतः एक उतारा लिहिला. सोप्या इंग्रजीत, माटोळीवर, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर रानातली आणि परसातली फळंफुलं बांधतात त्या चौकटीवर. रानात जाणारी भावंडं, कांगणां, आंबाडे, तोरिंगां, सुपारीची शिपटी, नारळाची पेंड. धाकटी बहीण काहीतरी विसरते आणि शेजारची म्हातारी ते गुपचूप आणून बांधते. काय विसरली ते उताऱ्यात कुठेही लिहिलं नव्हतं. मुलांनी ते सांगितलं, एवढंच नाही, त्यावरून भांडली. एकाच्या मते कांगणां, कारण ती रानात लांब मिळतात. दुसरी म्हणाली, शक्यच नाही, म्हातारी एवढ्या लांब जाईल कशी, म्हणजे परसातलंच काहीतरी. अग्रशाळा दणाणून गेली. पुजारीभट आतून बघायला आले. दहापैकी दहावाली मुलगी गुडघ्यांवर उभी राहून आपला मुद्दा मांडत होती, उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवून, आणि या खेपेला ती ओळ उचलत नव्हती. ती तिच्यावर वाद घालत होती.

परीक्षेत माटोळी येणार नाही, हे मला माहीत आहे. तिथे बर्फ येईल, शेकोटी येईल, टॉमची आजी येईल. मुलांना फक्त त्यांच्याच अंगणातलं वाचायला द्यावं असंही मला वाटत नाही. आजीच्या पोथीतलं तरी कुठे आमच्या अंगणातलं होतं? परक्या जगात शिरायची सवय लागली पाहिजे, तेच तर वाचन. पण शिरायची सवय ओळखीच्या दारातून लागते. आणि मजकूर फार जड नको. शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असले, तर माणूस कुणाच्या मदतीशिवाय समजून वाचू शकतो, असं अभ्यासक सांगतात. गाईडातल्या शंभर-सव्वाशे शब्दांच्या उताऱ्यात आमची मुलं वीसेक शब्दांखाली रेघा मारतात. म्हणून मी तिसरीचे उतारे चौथीला देते आणि एकच उतारा आठवडाभर पुन्हा पुन्हा वाचून घेते. पालकांना ते मागे जाणं वाटतं. चौथ्या दिवशी त्याच उताऱ्यावर बोट न ठेवता, वाक्याच्या शेवटी सुरुवात न विसरता मूल वाचू लागतं, ते पालकांनी एकदा येऊन ऐकावं.

वाड्यावरच्या एका वडिलांना मुलाला नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, घालायचं आहे. पाचवीतल्या त्या निवड परीक्षेत भाषेचे चार उतारे असतात, प्रत्येकावर पाच प्रश्न, १०० पैकी २५ गुण. उत्तरं पर्यायांतून निवडायची, ओळ उचलून उतरवायला तिथे जागाच नाही. ते म्हणाले, टिचर, आतापासून इंग्रजी उतारेच द्या. मी सांगितलं, ती परीक्षा मराठीतूनही देता येते, मुलाला नीट समजतं त्या भाषेतून द्या. त्यांना ते कमीपणाचं वाटलं. आमच्या माणसांच्या मनात इंग्रजीने ही एक भलतीच जागा घेतली आहे: तिच्यात न समजणंसुद्धा आपल्या भाषेत समजण्यापेक्षा वरचढ वाटतं. याचं मला मनापासून दुःख होतं. मी इंग्रजीच्या विरोधात नाही. हायस्कूलच्या पहिल्या दिवशी पोरं घाबरू नयेत म्हणून तर संध्याकाळचे दोन तास मी तिलाच देते.

पेपर काढणाऱ्यांना मात्र मला एक मागायचं आहे. प्रत्येक उताऱ्याखाली निदान एक प्रश्न असा असू द्या, ज्याचं उत्तर उताऱ्यात छापलेलं नाही. बाबा कुठे होते, असा एक. त्याला दोन मार्क ठेवा, आणि उत्तर मुलाच्या तुटक्या इंग्रजीत आलं तरी, किंवा त्याने ते मराठी-कोंकणीत लिहिलं तरी, ते दोन मार्क त्याला द्या. मग ट्यूशनवालेही तसं शिकवतील, गाईडंही तशी निघतील. जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं, हे इतक्या वर्षांत मी पुरतं पाहिलं आहे.

यंदा जूनपासून पाचवीत गेलेली मुलंही यायला लागली आहेत. विज्ञानाचं पुस्तक घेऊनच येतात. आता रामूची गोष्ट नाही, वनस्पतींचा धडा आहे: पानं सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. पद्धत तीच. आधी ऐकायचं, मग वाचायचं, 'इट'पासून बाण काढायचे, पुस्तक पालथं घालून आपल्या भाषेत सांगायचं. परवा धडा सांगून झाल्यावर विजापूरचा मुलगा विचारतो, "टिचर, रातचें झाड कितें खाता?" धड्यात त्याचं उत्तर नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांची युनिट टेस्ट होती. आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं. पान दिवसा केलेलं सगळं दिवसाच संपवत नाही, पिठूळ रूपात साठवून ठेवतं आणि रात्री त्यातलं वापरतं, हे मी फळ्यावर काढून दाखवलं. त्यावर दहापैकी दहावाली म्हणाली, मग श्रावणात आठवडाभर ऊन पडत नाही, तेव्हा साठा पुरतो का? ढगातूनही उजेड येतोच, असं एकाने उत्तर दिलं, आणि पुन्हा भांडण सुरू झालं.